घास घशाशी आला की बाळ आधी कोणाकडे बघतं?

"मॅडम, घास तोंडात गेला की ती ओ-ओ करते, डोळ्यांत पाणी येतं, आणि इकडे माझा जीव जातो." सहा ते दहा महिन्यांच्या बाळांच्या आया माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात तेव्हा शब्द थोडेफार बदलतात, काळजी हीच असते. तिला जोडून दुसरी: "हातात दिलं की सगळं एकदम कोंबते, तोंडाचा नुसता तोबरा." अलीकडे हे इतक्यांदा कानावर आलं की एका आईची गोष्ट सविस्तर सांगावीशी वाटली. ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत.

लेक आठ महिन्यांची. सहा महिने पूर्ण झाल्यावर वरचं खाणं सुरू केलेलं, वजन छान, नीट बसणारी. एकदा गाजराच्या मऊ तुकड्यावर तिला जोरात उबळ आली. आईने तोंडात बोट घालून तुकडा काढला, आणि त्या दिवसापासून घरात सगळं मिक्सरमधून गाळून. उबळ तरी थांबलीच नाही. बाळाच्या डॉक्टरांनी तपासून सगळं ठीक असल्याचं सांगितलं, तेव्हा "मग माझंच काही चुकतंय का?" हा प्रश्न घेऊन ती आली.

अशा वेळी मी आधी दोन गोष्टी वेगळ्या करून देते: उबळ आणि घास अडकणं. उबळीला आवाज असतो. बाळ खोकतं, जीभ बाहेर काढतं, लालबुंद होतं, पण श्वास चालू असतो. मोठ्यांना ही उबळ जिभेच्या अगदी मुळाशी काही लागलं तर येते. सहा-सात महिन्यांच्या बाळाची जीभ बरीच पुढेच, मध्यभागीच सावध होते आणि घास मागे जाण्याआधी पुढे लोटते. बाळ चावायला शिकतं तशी ही जागा मागे सरकते. घास खरंच श्वासनलिकेत अडकला तर बहुतेक वेळा आवाजच निघत नाही. रडू नाही, खोकला नाही किंवा अगदी क्षीण, ओठ निळसर. तिथे क्षणभरही थांबायचं नाही. मदतीला हाक मारायची, बाळाला हातावर पालथं, डोकं खाली करून धरायचं आणि दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताने ५ जोरदार थापा द्यायच्या. घास निघाला नाही तर उताणं करून छातीच्या मधोमध ५ दाब, आणि मदत येईपर्यंत हेच आलटून पालटून. बाळ निपचित पडलं तर ताबडतोब सीपीआर, म्हणजे छाती दाबणं आणि तोंडाने श्वास देणं. वर्षाखालच्या बाळाचं पोट दाबायचं नाही, आणि न दिसणाऱ्या घासासाठी बोट फिरवायचं नाही. प्रथमोपचाराच्या वर्गात हे एकदा हातांनी करून बघा, असा माझा प्रत्येक आईबाबांना आग्रह असतो. हातांना काय करायचं ते ठाऊक असलं की मन बरंच शांत राहतं.

ती म्हणाली, "हे सगळं वाचलंय मी. तो आवाज आला की डोकंच बंद पडतं."

माहितीने भागणार नव्हतं. मी बाळाकडे एकटं कधीच पाहत नाही. बाळ आणि त्याला भरवणारा माणूस मिळून जे काही घडतं, तिथेच मला उत्तर सापडतं, आणि इतक्या वर्षांत या वाटेने मला क्वचितच निराश केलं आहे. मी बाबांना एका जेवणाचं चित्रण करायला सांगितलं, दोघींचे चेहरे दिसतील असं.

पुढच्या भेटीत ते आम्ही आवाज बंद करून, संथ गतीने पाहिलं. बटाट्याचा मऊ तुकडा तोंडात गेला. थोड्या वेळाने जबडा उघडला, जीभ पुढे आली, डोळे ओले झाले. तुकडा सरकत खालच्या ओठावर आला. लेकीने तो बोटाने चाचपला आणि परत तोंडात घालायला निघाली. तेवढ्यात आईचा हात आला. लेकीने मान वर करून आईकडे पाहिलं, खालचा ओठ बाहेर आला, आणि मग भोकाड.

"परत लावा," आई म्हणाली. परत पाहिलं.

"उबळ कुठे संपली?" मी विचारलं.

"इथे. माझा हात यायच्या आधीच."

"आणि रडू?"

ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "माझ्याकडे बघितल्यावर."

इतकी वर्षं हे काम करतेय, तरी त्या क्षणाचं मोल मला फार वाटतं, कारण हे तिने स्वतः पाहिलं. मी सांगितलं असतं तर तो आणखी एक ठपका झाला असता. या वयाच्या सुमारास बाळं अनोळखी गोष्टीचा अर्थ आपल्या माणसाच्या चेहऱ्यावरून लावू लागतात. लेक घासाला घाबरलेली नव्हती. "आत्ता झालं ते भयंकर होतं का?" एवढंच ती आईला विचारत होती. शिवाय घाईने घातलेलं बोट पुढे येणारा घास मागे ढकलू शकतं.

मग आम्ही एवढंच ठरवलं: उबळ आली की आईचे हात मांडीवर, एक लांब उच्छ्वास, नजर बाळावर, आणि साध्या आवाजात "येऊ दे बाहेर" म्हणत स्वतःची जीभ बाहेर काढून दाखवायची. पाणी नाही, पाठीवर थापट्या नाहीत. आवाज बंद किंवा अगदी क्षीण झाला तरच वर सांगितलेली धावपळ. आजींनाही हेच शिकवलं, नाहीतर एकीचा शांत चेहरा आणि दुसरीची किंकाळी, बाळाने कुणाचं खरं मानायचं?

तोबऱ्याचं कारण वेगळं. आपलं तोंड केवढं आहे हे बाळ ते भरूनच शिकतं. समोर ढीग ठेवू नका, एकावेळी एकदोनच तुकडे ठेवा. सहा-सात महिन्यांत बाळ मुठीत धरतं, म्हणून बोटाएवढा लांब, मऊ तुकडा द्या. त्याचं टोक बाहेर राहतं आणि बाळ चावा घ्यायला शिकतं. चिमटीत धरता येऊ लागलं, साधारण नवव्या महिन्यात, की बारीक मऊ तुकडे. गाल फुगलेले दिसले तर पुढचा घास थांबवा, तुम्ही स्वतः सावकाश चावून दाखवा. बाळ ताठ बसलेलं हवं, पायांना आधार हवा, जवळ कुणीतरी हवंच.

उबळीच्या भीतीने गाळलेल्यावरच राहणं मला पटत नाही. न्यूझीलंडमधला एक अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात आईवडिलांना सुरक्षित पदार्थांची माहिती देऊन बाळांना स्वतःच्या हाताने खाऊ दिलं होतं. या बाळांना सहा महिन्यांच्या वयात उबळ जास्त वेळा आली, आठ महिन्यांच्या वयात मात्र इतरांपेक्षा कमी. घास अडकण्याच्या प्रमाणात फरक दिसला नाही. सराव करू दिला की उबळ ओसरते.

मात्र दूध पितानाही ठसका लागत असेल, खाल्ल्यावर आवाज घरघरत असेल, छातीत वारंवार कफ होत असेल, वजन वाढत नसेल किंवा घास नुसता दिसला तरी उमासे येत असतील, तर समुपदेशकाआधी डॉक्टर.

शेवटच्या भेटीत तिने विचारलं, "आता सफरचंद दिलं तर चालेल?" कच्चं इतक्यात नाही, मी म्हटलं. वाफवा, आणि दोन बोटांत दाबून सहज चिरडतंय ना ते बघा. द्राक्षं उभी चिरून चार फाका. अख्खा सुकामेवा, पॉपकॉर्न, टणक गोळ्या अजून कित्येक वर्षं नाहीत.