ऑनलाइन याचिकांवर सह्या करून राजकारणात खरंच काही फरक पडतो का?

पडतो, पण नुसत्या सहीने क्वचितच. मी सॉफ्टवेअर लिहून पोट भरतो आणि उरलेल्या वेळात एका नागरिक गटाचं काम करतो, म्हणून या प्रश्नाशी माझं जुनं भांडण आहे.

ब्रिटिश संसदेच्या याचिका-साइटवर १० हजार सह्या झाल्या की सरकार उत्तर देतं, १ लाख झाल्या की चर्चेचा विचार होतो. २०१९ मध्ये ब्रेक्झिट मागे घ्या म्हणणाऱ्या याचिकेवर ६० लाखांहून जास्त सह्या पडल्या. उत्तर आलं, चर्चाही झाली, आणि ३१ जानेवारी २०२० ला ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडला. घरबसल्या सही करणारा उद्या रस्त्यावर उतरेलच असं नाही, हे राज्यकर्त्यांना पक्कं ठाऊक असतं.

आता १८ जानेवारी २०१२. अमेरिकेतल्या ‘सोपा’ (SOPA) आणि ‘पिपा’ (PIPA) या विधेयकांविरुद्ध इंग्रजी विकिपीडिया २४ तास बंद राहिला. पायरसी रोखण्याच्या नावाखाली आख्ख्या साइट अडवण्याची सोय त्यात होती. त्या दिवशी लेखांऐवजी दिसणारं ते काळं पान सगळ्यांना आठवतं. मला त्यावरची पिन कोडची चौकट महत्त्वाची वाटते. कोड टाकला की आपल्या लोकप्रतिनिधीचा फोन नंबर समोर. ८० लाखांहून जास्त लोकांनी असा संपर्क शोधला. निवडणुकीचं वर्ष, त्यात फोनांचा भडिमार; दोनच दिवसांत दोन्ही विधेयकं बासनात गेली. (बड्या इंटरनेट कंपन्यांचंही हित त्यात गुंतलं होतं, हे भाबडेपणाने विसरू नये.)

प्रोग्रामर म्हणून मला खरी भुरळ घातली ती तैवानने. तिथे २०१५ मध्ये उबरच्या नियमांवर ऑनलाइन चर्चा झाली, आणि त्यासाठी वापरलेल्या साधनात रिप्लायचं बटणच नव्हतं. दुसऱ्याच्या विधानावर ‘सहमत’, ‘असहमत’ किंवा मत न देता ‘पुढे’, एवढंच म्हणता यायचं. कोणाला झोडपायची सोयच नाही म्हटल्यावर दोन्ही बाजूंना पटणारे मुद्दे वर येत गेले, उदाहरणार्थ प्रवाशांचा विमा. आणि सरकारी खातं, टॅक्सीवाले, उबर असे सगळेच त्या चर्चेत असल्यामुळे हे मुद्दे पुढे नियमांत उतरले. एक बटण ठेवायचं की काढायचं हा राजकीय निर्णय असतो, पण आमच्या धंद्यात तो ‘डिझाइन’ म्हणून सहज खपून जातो.

आमच्या गटात कोणी याचिका काढू म्हटलं की मी विचारतो: ही कोणाच्या टेबलावर जाणार? त्याला किती दिवसांत उत्तर द्यावं लागतं? नाही दिलं तर पुढे दाद कुठे मागायची? हे ठरलेलं नसेल तर मी सही करत नाही. त्याऐवजी संबंधित अधिकाऱ्याला भेटायला कोण येतंय ते विचारतो. ग्रुपवर लगेच शांतता पसरते. तरीही जे येतात, त्यांच्या जोरावरच आमची कामं होतात.