लिथियम, वारी आणि गुडघेदुखीची गोळी

प्रश्न : माझे यजमान 58 वर्षांचे आहेत, एसटीत वाहक होते. बायपोलर आजारासाठी अकरा वर्षं रात्री लिथियम घेतात. चार वर्षांत एकदाही आजार उलटलेला नाही. यंदा आळंदीहून पायी वारीला जायचं म्हणतात. रक्त तपासून चौदा महिने झाले. म्हटलं तर म्हणतात, ‘डोकं ठिकाणावर आहे, मग सुया कशाला टोचून घेऊ?’ चहाचा कप धरताना हात थोडा थरथरतो. काय करावं?
– एक भगिनी, सातारा जिल्हा

उत्तर : ताई, डोकं ठिकाणावर आहे ते लिथियममुळे, आणि रक्त तपासायचं तेही लिथियममुळेच. उपयोगी पडणारं प्रमाण आणि विषारी प्रमाण यांत फार अंतर नाही. रक्तातली पातळी साधारण 0.6 ते 0.8 (mmol/L) असली की बहुतेकांचं छान चालतं, 1.5 च्या वर गेलं की धोका. शिवाय वर्षानुवर्षं घेतल्यावर थायरॉइड मंदावू शकतं, मूत्रपिंडावर ताण येतो, कॅल्शियम वाढू शकतं. म्हणून दर सहा महिन्यांनी लिथियमची पातळी, मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन, थायरॉइडसाठी टीएसएच आणि कॅल्शियम बघायचं. वजनही करा, त्याला सुई लागत नाही.

रक्त शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी द्यायचं. बरेच जण रात्री साडेदहाला गोळी घेतात आणि सकाळी सातला उपाशीपोटी लॅबच्या दारात उभे राहतात. मग पातळी उगाच जास्त दिसते. आदल्या रात्री नऊला गोळी, सकाळी नऊला रक्त. आणखी एक : हिरव्या टोपणाच्या काही नळ्यांत रक्त गोठू नये म्हणून लिथियमचाच क्षार असतो. त्या नळीत रक्त घेतलं तर रिपोर्ट बघून आपल्यालाच धडकी भरते. ‘लिथियमची तपासणी आहे’ हे सुई टोचण्याआधी सांगा.

आता वारी. जाऊ नका असं मी म्हणणार नाही. पण अडीचशे किलोमीटर चालायचं म्हणजे घाम, अंगातलं पाणी आणि मीठ कमी होणं. शरीरात मीठ कमी पडलं की मूत्रपिंड लिथियम धरून ठेवतं. पाण्याबरोबर ओआरएस हवं, जेवणातलं मीठ कमी करायचं नाही.

मला खरी भीती वाटते ती गुडघ्यांची. माझ्या एका शेतकरी रुग्णाची झोप, चिडचिड, खर्च, सगळं मी वर्षानुवर्षं विचारत आले. गुडघे दुखतात का, हे कधी विचारलंच नाही. एके दिवशी तो झोकांड्या खात आला, बोलणं जड. घरच्यांना वाटलं, घेऊन आलाय. पातळी निघाली 2.1. दहा दिवस तो गुडघ्यांसाठी एसिक्लोफिनॅक ही वेदनाशामक गोळी घेत होता. रुग्णालयात ठेवून त्याला बरं केलं, पण चूक माझी होती.

एसिक्लोफिनॅक, डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन या गोळ्यांनी लिथियम अंगात साठतं. दुखलं तर नुसतं पॅरासिटामॉल. ‘पॅरासिटामॉलच आहे’ म्हणून हातात पडलेल्या गोळीत पुष्कळदा एसिक्लोफिनॅकही मिसळलेलं असतं, तेव्हा पाकिटाची मागची बाजू वाचायची. रक्तदाबाच्या काही गोळ्यांचंही असंच आहे. तशी गोळी नवीन सुरू होत असेल तर डॉक्टरांना लिथियमचं आधी सांगा.

हाताची बारीक थरथर लिथियमवर बऱ्याच जणांना असते. पण सदऱ्याची बटणं लावता येईनाशी झाली, चाल अडखळू लागली, जीभ जड झाली किंवा उलट्या-जुलाब सुरू झाले, तर पुढची गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा आणि पातळी बघायची. एरवी गोळी मनाने बंद करायची नाही; अचानक सोडली तर आजार जोरात उलटतो.

निघायच्या दोन आठवडे आधी रक्त द्या, म्हणजे डोस बदलावा लागला तरी वेळ हाताशी राहील. आणि त्यांच्या खिशात प्लॅस्टिकच्या पिशवीत एक चिठ्ठी ठेवा : ‘मी लिथियम घेतो. वेदनाशामक देण्याआधी विचारा.’ खाली तुमचा मोबाईल नंबर. पावसाने शाई फुटते, बॉलपेननं लिहा.