फुटकळ कामं सोडू नका, आणि पत्रव्यवहार स्वतःच्या मेलवर ठेवा

तुमची पोस्ट काल रात्री वाचली आणि झोप लागेना. आठवड्यातून तीन दिवस एका रेडिओ केंद्रावर सकाळचा कार्यक्रम, शनिवारी कम्युनिटी रेडिओ, अधूनमधून व्हॉइसओव्हर, मंडळाच्या गणपतीत निवेदन. आता केंद्र म्हणतंय स्वतःची लिमिटेड कंपनी काढा, तिच्या नावाने बिल लावा, आणि बाकीचं सगळं बंद करून पाच दिवस आमच्याकडेच या. सीव्ही विखुरलेला दिसतो म्हणून तुम्हालाही ते पटायला लागलंय. २००९ साली इथे ब्रिटनमध्येच, मिडलंड्समधल्या एका गावात माझ्यापुढे हाच प्रश्न होता, शब्दही जवळपास हेच.

कंपनी कशी नोंदवायची, अकाउंटंट कसा गाठायचा हे सांगत बसत नाही. मी कर सल्लागार नाही, तेव्हा आकड्यांसाठी माझ्या भरवशावर राहू नका. पण माझं काय चुकलं ते नीट सांगते.

मी हो म्हटलं. कम्युनिटी रेडिओवरचा शनिवारचा कार्यक्रम सोडला, कारण प्रोड्युसरला ते आवडत नव्हतं. व्हॉइसओव्हर सोडले. कंपनी काढायला मानधन विभागातल्या बाईंनी फोनवर सांगितलं होतं. नंतर मेलवरही तेच आलं, पण केंद्राने दिलेल्या मेलवर. पाच वर्षं माझी सगळी बोलणी त्याच पत्त्यावर झाली: शिफ्ट कोण ठरवतं, सुट्टीत बदली कोण, बाहेरचं काम घ्यायचं की नाही. २०१४ साली कार्यक्रम बंद झाला. शुक्रवारी निरोपाचा केक कापला आणि सोमवारी मेल उघडेना. त्यानंतर वर्षभरात कर खात्याचं पत्र आलं: मधे कंपनी नसती तर तुम्ही नोकरदारच ठरला असता, तेव्हा कराचा फरक भरा.

ब्रिटनमध्ये एप्रिल २००० पासून असलेला आयआर ३५ हा कराचा नियम नेमकं हेच विचारतो: मधली कंपनी बाजूला ठेवली तर हा माणूस नोकरदार ठरेल का? त्या काळी उत्तर द्यायची जबाबदारी माझ्या कंपनीवर, म्हणजे माझ्यावरच होती. कंपनी काढायचा आग्रह तुमचाच होता, एवढं दोन ओळींत लिहून द्या, म्हणून मी केंद्राला किती वेळा विचारलं! दर वेळी एकच उत्तर: आमच्या नोंदींत तसं काही सापडत नाही. चार महिने मी त्या एका विभागाचा फोन लावत होते. ज्यांनी मला या वाटेवर ढकललं, त्यांच्या फायलीत मी जणू तिथे कधी कामच केलं नव्हतं. याचा राग अजून गेलेला नाही, आणि जावा असंही वाटत नाही.

आता तुमच्या विखुरलेल्या सीव्हीबद्दल. के अॅडम्स यांचं प्रकरण जरूर वाचा. स्कॉटिश निवेदिका, आधी टीव्ही पत्रकारिता, १९९९ पासून आयटीव्ही वाहिनीवर 'लूज विमेन' हा गप्पांचा कार्यक्रम, पुढे बीबीसी रेडिओ स्कॉटलंडवर सकाळचा कार्यक्रम, शिवाय वर्तमानपत्रात लेखन. रेडिओच्या कामावरून कर खात्याने त्यांच्या कंपनीला धरलं. २०१९ मध्ये त्या जिंकल्या, २०२२ मध्ये अपील न्यायालयाने प्रकरण फेरविचाराला पाठवलं, २०२३ मध्ये त्या पुन्हा जिंकल्या. रेडिओचा कार्यक्रम हेच त्यांचं मोठं काम होतं, तरीही अनेक वर्षांची फ्रीलान्स वाटचाल आणि ठिकठिकाणची कामं त्यांच्या बाजूने धरली गेली. विखुरलेला म्हणून तुम्हाला ज्याची लाज वाटते, तोच त्यांचा आधार ठरला.

उलट उदाहरण क्रिस्टा अॅक्रॉइड यांचं. यॉर्कशायरमध्ये बीबीसीच्या 'लुक नॉर्थ' या बातमीपत्राचा वर्षानुवर्षांचा चेहरा, लांब मुदतीचा करार. कंपनीमार्फत काम करायला बीबीसीनेच उत्तेजन दिलं होतं, तरी २०१८ मध्ये निकाल विरोधात गेला. मागणी सुमारे ४ लाख २० हजार पौंडांची होती. टीव्हीवरच्या लॉरेन केली मात्र २०१९ मध्ये सुटल्या. कामावर ताबा त्यांचा स्वतःचा होता, हे न्यायाधिकरणाला पटलं, आणि पडद्यावर त्या स्वतःचंच एक रूप सादर करतात, हेही. तिघी निवेदिकाच, निकाल वेगवेगळे. त्यामुळे 'अमक्यालाही असंच चालतं' हे ऐकून सही करू नका.

आज नियम थोडे बरे आहेत. सार्वजनिक संस्थांना २०१७ पासून आणि मोठ्या-मध्यम खाजगी कंपन्यांना २०२१ पासून, तुम्ही नोकरदारासारखे आहात की नाही हे स्वतः ठरवून कारणांसह लेखी द्यावं लागतं. तुम्ही हरकत घेतलीत तर ४५ दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे. तुमचं केंद्र लहान खाजगी असेल तर मात्र ओझं पुन्हा तुमच्याच कंपनीवर. म्हणून पहिला प्रश्न हाच विचारा: हे लेखी कोण देणार? टाळाटाळ झाली तर माझ्या मते कंपनी काढूच नका, पगारपत्रकावर घ्या म्हणा. हातात चार पैसे कमी येतील, पण रात्रीची झोप टिकेल. हे माझं मत, अकाउंटंट वेगळं सांगू शकेल.

आणि शनिवारचा कार्यक्रम सोडू नका. बाहेरच्या प्रत्येक कामाचं बिल, नकाराचं प्रत्येक पत्र स्वतःच्या मेलवर घ्या. फोनवर काही ठरलं तर त्याच संध्याकाळी 'आज आपलं असं बोलणं झालं' एवढं लिहून पाठवा, प्रत स्वतःला. कंपनीचे कागद तसेही सहा वर्षं ठेवावेच लागतात.

व्हिसाचं एक राहिलं. स्टुडंट व्हिसावर स्वतंत्र व्यवसाय चालत नाही, शिक्षण संपल्यावर मिळणाऱ्या ग्रॅज्युएट व्हिसावर चालतो. तुम्ही सध्या ग्रॅज्युएट व्हिसावर आहात असं लिहिलंय. पण पुढे स्किल्ड वर्कर व्हिसावर जायचं असेल तर कंपनी काढण्याआधी त्या विषयातल्या वकिलाला विचारा. यात मी अंदाज बांधणार नाही.

आणखी एक, याचा कराशी संबंध नाही. परवाना असलेल्या रेडिओ केंद्रांना प्रसारणाचं रेकॉर्डिंग ४२ दिवस ठेवावं लागतं. त्यानंतर ते पुसलं गेलं तर कुणाला जाब विचारता येत नाही. माझ्या पाच वर्षांच्या सकाळींपैकी आज माझ्याकडे जेमतेम चाळीस मिनिटं उरली आहेत, तीही एका श्रोत्या आजोबांनी कॅसेटवर घेतली होती म्हणून. तुमचे गेल्या महिन्याचे कार्यक्रम या आठवड्यातच मागून घ्या.

केंद्राचं लेखी उत्तर आलं की नावं झाकून इथे टाका. मी वाचेन.