स्मूदन्ड रिसेप्टरवर काम सुरू करण्यापूर्वी
हेजहॉग संकेतमार्गावर, म्हणजे भ्रूणात अवयव घडवण्याचा संदेश पेशींपर्यंत पोहोचवणाऱ्या रेणूंच्या साखळीवर, काम सुरू करणार असाल, तर आधी त्यातील स्मूदन्ड हा एकच रिसेप्टर (संदेश पेशीत पुढे नेणारे प्रथिन) नीट समजून घ्या, असे मी आग्रहाने सुचवेन. अमेरिकेतील आयडाहोमध्ये गाभण मेंढ्यांनी रानटी कॉर्न लिली खाल्ल्यामुळे एकडोळी कोकरे जन्मत. त्या वनस्पतीतील सायक्लोपामीन हा रेणू स्मूदन्डला चिकटून त्याला बंद पाडतो आणि भ्रूणात चेहऱ्याची मध्यरेषा घडवणारा संदेशच थांबतो. हाच संदेश त्वचेत अनावर झाला की बेसल सेल कार्सिनोमा हा त्वचेचा कर्करोग होतो, आणि त्यावर २०१२ मध्ये स्मूदन्डला रोखणाऱ्या व्हिस्मोडेगिब या औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली.

प्रयोगात मात्रेला फार जपा. सॅग हा रेणू कमी मात्रेत स्मूदन्डला चालना देतो, पण मात्रा खूप वाढवल्यास तोच त्याला रोखू लागतो, म्हणून एकाच मात्रेवरून निष्कर्ष काढू नका. सायक्लोपामीनसोबत टोमॅटिडीन या रेणूचा नियंत्रक (तुलनेसाठीचा) संच ठेवाच. रचनेने सायक्लोपामीनच्या अगदी जवळचे असूनही टोमॅटिडीन स्मूदन्डला रोखत नाही, त्यामुळे संदेश थांबल्याने पेशी मेल्या की निव्वळ विषारीपणाने, याचा अंदाज येतो. पेशी निवडताना सुफू हे स्मूदन्डच्या पुढच्या टप्प्यावर संदेशाला लगाम घालणारे प्रथिन शाबूत आहे ना, हेही तपासा. ते नसेल, तर बिघाड स्मूदन्डच्या पुढचा असतो आणि तिथे हे रेणू निरुपयोगी ठरतात.