दस्ता अंगाच्या मापाचा कसा करावा? नेमबाजीविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा तालुक्यात एका शाळेत क्रीडाशिक्षक आहे. गावातील एका शेतकऱ्याने कापूस साठवण्याची लांब खोली आम्हाला वापरायला दिली असून तिथे आम्ही दहा मीटर एअर रायफलची रेंज मांडली आहे. देणगीतून एक जुनी, पण सर्व बाजूंनी हलवता येणाऱ्या ॲल्युमिनियमच्या दस्त्याची (नळी बसवलेल्या आणि खांद्याला टेकवायच्या सांगाड्याची) रायफल मिळाली आहे. चार मुले तिच्यावर सराव करतात आणि चौघांच्या अंगकाठीत मोठा फरक आहे. दस्त्याला इतके स्क्रू आहेत की कोणता आधी फिरवावा हेच कळत नाही. एके दिवशी छर्रे एका ठिकाणी पडतात, दुसऱ्या दिवशी तेच मूल सगळीकडे विखुरते. दस्ता बसवण्याची काही रीत आहे काय?

उत्तर : रीत आहे, आणि तिची सुरुवात स्क्रूपासून होत नाही. आपल्याकडे वखराचे रुमणे धरणाऱ्याच्या उंचीला बेतून घेतात, कारण दिवसभर वाकून चालणाऱ्या माणसाचे तास सरळ येत नाही. दस्त्याचेही तसेच आहे. मूल आधी नीट उभे राहिले पाहिजे आणि त्यानंतर रायफल त्याच्यापर्यंत आणली पाहिजे. बहुतेक ठिकाणी याच्या उलट घडते. रायफल आहे तशी हातात दिली जाते, मूल मान वाकवून, खांदा उचलून तिच्याशी जुळवून घेते, आणि ती वाकलेली मान रोज वेगळी असल्यामुळे निकालही रोज वेगळा येतो.

म्हणून पहिल्या दिवशी रायफल बाजूला ठेवा. मुलाला जॅकेट, पॅन्ट आणि बूट घालून उभे करा. उजव्या हाताने नेम धरणाऱ्याची डावी बाजू लक्ष्याकडे असावी, पावलांमध्ये साधारण खांद्याइतके अंतर असावे, कंबर किंचित लक्ष्याकडे सरकलेली असावी आणि डाव्या हाताचे कोपर कमरेच्या हाडावर किंवा त्याच्या अगदी लगत टेकलेले असावे. डोके सरळ, नजर समोर. डोके एका बाजूला कलले तर कानाच्या आतील तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेला चुकीचा संदेश जातो, आणि ते पुढे झुकले तर डोळ्याला भुवईखालून पाहावे लागते, त्यामुळे तो लवकर थकतो. ही ठेवण मुलाच्या अंगवळणी पडेपर्यंत दोन-तीन दिवस गेले तरी चालतील.

त्यानंतर रायफल द्या. छर्रा नसल्याची खात्री तुम्ही स्वतः करा आणि हा सगळा सराव लक्ष्याच्या दिशेनेच घ्या. आता पाहायचे ते एवढेच, की कोपर कमरेवर आणि डोके सरळ असताना साइट (नेम धरताना जिच्यातून पाहायचे ती) डोळ्याच्या उंचीला येते का. बहुतेक लहान मुलांच्या बाबतीत ती खाली राहते, कारण हात आखूड असतो आणि मान त्या मानाने उंच. ही उणीव तीन ठिकाणी भरून काढता येते. दस्त्याच्या पुढच्या भागाखालचा आधार खाली सरकवला की हात आणि नळी यांच्यातील अंतर वाढते. बट प्लेट (दस्त्याच्या मागच्या टोकाची, खांद्याला टेकणारी पट्टी) खाली सरकवली की रायफल खांद्याच्या तुलनेत वर येते. आणि पुढच्या व मागच्या साइटखाली सारख्याच उंचीचे ठोकळे बसवले की रायफल तिथेच राहते, नजरेची रेषा तेवढी वर जाते. मी आधी पहिले दोन उपाय थोडे-थोडे वापरतो आणि राहिलेली उणीव ठोकळ्यांनी भरतो, कारण सगळी उंची एकट्या बट प्लेटने मिळवू गेलो तर तिचा खालचा टोकदार भाग काखेत रुततो आणि खांदा नकळत वर उचलला जातो. दस्त्याच्या पुढच्या भागाच्या खोलीला, बट प्लेटच्या वाकाला आणि एकूण वजनाला स्पर्धेच्या नियमांची मर्यादा आहे. एअर रायफल साइटसह साडेपाच किलोपेक्षा जड चालत नाही. बाकीची मापे चालू नियमपुस्तिकेतून पाहून घ्या, नाहीतर स्पर्धेच्या आदल्या दिवशीच्या तपासणीत मुलाचा दस्ता बदलावा लागेल. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला साडेपाच किलोच्या आसपास जाण्याची गरजही नाही. दस्त्यावरची जादा वजने आज काढून ठेवा आणि पाठीचे बळ वाढेल तशी परत लावा.

उंचीनंतर लांबी. म्हणजे ट्रिगरपासून बट प्लेटपर्यंतचे अंतर. दस्ता लांब असला की मुलाला गाल टेकवण्यासाठी मान पुढे ताणावी लागते आणि बट प्लेट खांद्यावरून दंडाकडे घसरते. आखूड असला की नाक साइटला लागू लागते, उजवे कोपर अवघडते आणि श्वास घ्यायला जागा राहत नाही. पाच-पाच मिलिमीटरने बदल करा आणि प्रत्येक बदलानंतर किमान दहा वेळा रायफल खाली ठेवून पुन्हा उचलायला लावा. एकदा बरे वाटणे आणि दहा वेळा सारखे बसणे यांत फार फरक आहे. इथे एक गोष्ट कळकळीने सांगतो. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो तेव्हा मुले जॅकेट काढून सराव करतात. ते समजण्यासारखे आहे, पण जॅकेटशिवाय बसवलेली लांबी जॅकेट घातल्यावर लांब पडते. माप घ्यायचे काम सकाळी सहाला करा, पण जॅकेट घालूनच करा.

लांबी ठरल्यानंतर पिस्तूल ग्रिप (ट्रिगर ओढणाऱ्या हाताची मूठ) आणि ट्रिगर पाहा. मनगट सरळ राहावे आणि तर्जनीचे पहिले पेर ट्रिगरवर असे पडावे की बोट सरळ मागे येईल आणि दस्त्याच्या बाजूला घासणार नाही. ट्रिगर पुढेमागे सरकत असेल तर लहान हातासाठी तो मागे घ्या.

चीकपीस, म्हणजे गाल टेकवण्याचा भाग, सर्वांत शेवटी. बहुतेक जण तिथूनच सुरुवात करतात आणि तिथेच फसतात, कारण बट प्लेट हलली की गालाची जागाही हलते. चीकपीस बसवण्याची कसोटी सोपी आहे. मुलाने डोळे मिटावेत, रायफल उचलावी, डोक्याचा भार निवांतपणे गालावर सोडावा आणि मग डोळे उघडावेत. मागच्या साइटच्या छिद्रातून पुढच्या साइटचा टनेल (गोल नळी), त्यात रिंग आणि रिंगमध्ये लक्ष्याचे काळे वर्तुळ, अशी एकात एक वर्तुळे दिसली पाहिजेत. टनेल छिद्राच्या एका कडेला सरकलेला दिसला तर डोके हलवू देऊ नका, चीकपीस हलवा. टनेल मधोमध दिसेपर्यंत आधी उंची ठरवा, मग डावी-उजवी बाजू, आणि गालफडाच्या उताराप्रमाणे कल शेवटी द्या. डोळा आणि मागची साइट यांतील अंतरही प्रत्येक वेळी तेच यायला हवे. त्यासाठी दस्ता पुन्हा लांब-आखूड करू नका, साइटच तिच्या पट्टीवर पुढेमागे सरकवा.

एवढा काटेकोरपणा कशासाठी, असे वाटणे साहजिक आहे. दहा मीटरच्या लक्ष्यावरील दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो आणि काळे वर्तुळ साडेतीस मिलिमीटरचे. दशांश गुणांच्या मोजणीत पाव मिलिमीटरला एक दशांश गुण जातो. छर्राच साडेचार मिलिमीटरचा असतो. तेव्हा डोळा छिद्राच्या मध्यातून किंचित सरकल्याने होणारा फरक गुणपत्रिकेवर दिसतोच.

आता तुमची खरी अडचण, चार मुले आणि एक रायफल. इथे वहीला पर्याय नाही. दस्त्यावर कोरलेल्या मोजपट्ट्या असतील तर आकडे लिहा. नसतील तर कागदी चिकटपट्टी लावून तिच्यावर पेन्सिलीने रेघ ओढा आणि व्हर्नियरने (बारीक अंतर मोजण्याच्या साधनाने) अंतर मोजा. प्रत्येक मुलाच्या पानावर लांबी, बट प्लेटची उंची व कल, चीकपीसची उंची व बाजू, पुढचा आधार, ट्रिगरची जागा आणि साइटचे क्लिक (साइटचा स्क्रू किती खाचा फिरवला ते) यांची नोंद हवी. चौघांना अंगकाठीच्या क्रमाने बसवा, म्हणजे एकाकडून दुसऱ्याकडे जाताना थोडेच बदलावे लागेल. ग्रिप मात्र सर्वांसाठी एकाच ठिकाणी ठेवलेली बरी, कारण ती पुन्हा नेमकी बसवणे कठीण असते. मापे बदलल्यावरचे पहिले दहा छर्रे गुणांत धरू नका. २०२४ मध्ये पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कांस्यपदक मिळवणारा कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे ज्या प्रकारात खेळतो, त्यात गुडघ्यावर बसून, पालथे झोपून आणि उभे राहून असे तिन्ही प्रकारे नेम धरावा लागतो. त्या स्पर्धेत एका अवस्थेतून दुसरीत जाताना बट प्लेट आणि चीकपीसची मापे घड्याळ चालू असतानाच बदलली जातात. तिथे अंदाज चालत नाही, आकडाच चालतो. तुमच्या मुलांना तीच सवय आत्तापासून लागेल.

एका वेळी एकच बदल करा. मी स्वतः एका जिल्हा स्पर्धेच्या चार दिवस आधी बट प्लेट, चीकपीस आणि साइटचे ठोकळे असे तिन्ही एकदम बदलले होते. गुण घसरले, आणि कशामुळे घसरले हे मला पुढचे दोन महिने शोधता आले नाही, कारण जुने आकडे कुठेच लिहिलेले नव्हते.

प्रश्न : मी दहावीत शिकते. आमचे गाव वरूड तालुक्यात आहे. पहिले वीस छर्रे चांगले पडतात, पण नंतर ते वर-खाली पसरू लागतात. चीकपीस थोडे उंच केले तर दोन दिवस सुधारणा दिसली, नंतर पुन्हा तेच. मी ते आणखी उंच करू का?

उत्तर : नको, ताई. चीकपीसची उंची चुकीची असती तर पहिले वीस छर्रेही बिघडले असते. काहीतरी वीस छर्र्यांनंतर बदलते आहे, आणि ते तुझ्या शरीरात बदलते आहे.

वर-खाली पसरण्याची नेहमीची कारणे तीन. श्वास प्रत्येक वेळी वेगळ्या ठिकाणी थांबणे, गालाचा दाब कमी-जास्त होणे आणि बट प्लेट खांद्यावर दर वेळी थोड्या वेगळ्या उंचीवर बसणे. थकलेले मूल गाल घट्ट दाबून डोके सावरू पाहते, म्हणून तुझ्या बाबतीत मला दुसऱ्या कारणाचा संशय अधिक आहे. तपासण्यासाठी घरातील कोणाला तरी बाजूला उभे करून पहिल्या आणि तिसाव्या छर्र्याच्या वेळी मोबाइलवर फोटो काढून घे. दोन्ही फोटोंत बट प्लेटचे वरचे टोक जॅकेटच्या कोणत्या शिवणीपाशी आहे आणि तुझे कोपर कमरेवर आहे की घसरले आहे, हे पाहा. जॅकेटवर खडूने एक खूण केलीस तर बट प्लेट प्रत्येक वेळी तिथेच ठेवता येईल.

आणखी एक करून पाहा. नेम धरून झाल्यावर डोळे मीट, दोन श्वास घे आणि डोळे उघड. रायफल लक्ष्यावरून बाजूला गेलेली दिसली तर हाताने ओढून आणू नकोस, मागचे पाऊल किंचित हलव. ती वर किंवा खाली गेलेली दिसली तर आधाराच्या हाताची जागा किंवा पुढच्या आधाराची उंची पाहावी लागेल. हाताने ओढून धरलेली रायफल वीस छर्रे साथ देते, मग स्नायू थकतात आणि ती आपल्या मूळ जागी जाऊ लागते. तुझ्या वर्णनाशी हे बरेच जुळते.

तुझ्या वयात उंची वाढत असते, हेही लक्षात ठेव. दर तीन महिन्यांनी लांबी आणि बट प्लेटची उंची पुन्हा तपास. चीकपीस आहे तिथून दोन आठवडे हलवू नकोस आणि दोन दिवसांतल्या सुधारणेवरून काही ठरवू नकोस. जुना आकडा लिहिलेला असेल तर आधी त्या आकड्यावर परत जा, आणि चीकपीस हलवल्यानंतर साइट पुन्हा जुळवून घे.

प्रश्न : मुलासाठी जुनी लाकडी दस्त्याची रायफल घेतली आहे. चीकपीस हलत नाही आणि गाल खाली राहतो. गावातील सुताराकडून काम करून घेता येईल काय? पावसाळ्यात लाकूड फुगते, असेही ऐकले आहे. (मूल तालुका, चंद्रपूर)

उत्तर : जरूर करून घ्या, फक्त सुताराला काय करायचे त्यापेक्षा काय करायचे नाही ते आधी सांगा. नळी आणि यंत्रणा ज्या लाकडात बसलेली आहे, तिथले लाकूड कोरू नये, आणि ती ज्या स्क्रूंनी धरली आहे त्यांच्याभोवती नवे भोक पाडू नये. हवेच्या सिलिंडरला तर हातही लावू नये. त्यात दोनशे बारपर्यंत दाब असतो. उन्हात उभ्या गाडीतही तो ठेवू नका, आणि कारखान्याने ठरवलेली मुदत, जी बहुधा दहा वर्षांची असते, संपली असेल तर तो वापरातून काढा.

चीकपीससाठी आधी पुठ्ठ्याचे पातळ थर कापडी पट्टीने दस्त्यावर बांधून योग्य उंची शोधा. मुलाचे डोळे मिटून उघडण्याची वर सांगितलेली कसोटी इथेही वापरा. आठवडाभर तीच उंची टिकली की मग लाकूड कापा. तुमच्या भागात सागवान सहज मिळते, पण मी शिवण या झाडाचे लाकूड सुचवीन. ते हलके असते आणि वाळल्यावर फारसे वाकत नाही. नवा तुकडा दोन स्क्रूंवर बसवून खाली पातळ चकत्या घालण्याची सोय ठेवलीत, तर मूल वाढेल तशी उंची बदलता येईल.

पावसाळ्याबद्दल तुम्ही ऐकले ते खरे आहे. दमट हवेत लाकूड फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि दोन्ही वेळी यंत्रणा धरणाऱ्या स्क्रूंवरचा ताण बदलतो. जून लागला की आणि पुन्हा ऑक्टोबरमध्ये ते स्क्रू तपासा, दोन्ही सारख्याच जोराने आवळा आणि त्यानंतर रायफल वाळूच्या पिशवीवर ठेवून दहा छर्रे मारून पाहा. टेकूवरही छर्रे विखुरत असतील तर दोष रायफलीत किंवा छर्र्यांत आहे, आणि तो दूर होईपर्यंत मुलाच्या उभे राहण्यात काही बदल करू नका.