क्रिल खातो, चरतो की गाळतो?

फोंड्याच्या एका शिक्षिकेने क्रिल या कोळंबीसारख्या दिसणाऱ्या बारक्या समुद्री जिवाबद्दल विचारलं आहे: मुलांसाठीच्या टिपणात 'अंटार्क्टिकाच्या समुद्रातले क्रिल सूक्ष्मजीवांवर चरतात' असं लिहिलं, तर सहशिक्षक म्हणाले, "चरायला ती काय गुरं आहेत? 'खातात' लिहा." बरोबर काय?

बाई, तुमचं 'चरतात' राहू द्या. दावणीला बांधलेली म्हैस पुढ्यात टाकलेलं गवत खाते, ती चरते असं कुणी म्हणत नाही. सुटून शेताच्या मेरेवर गेली, चालता चालता तोंड मारत राहिली, की चरते. 'चर्' म्हणजे हिंडणं, आणि तो अर्थ मराठीने या क्रियापदात अजून सांभाळला आहे. क्रिलही थव्याने पोहता पोहताच खातो. समुद्रावर बर्फ धरला की त्याच्या खालच्या अंगाचं शेवाळ खरवडत पुढे सरकतो. याला चरण्याखेरीज दुसरं काय म्हणणार?

मला खरा खटकतो तो क्रिलबद्दल काही जण लिहितात तो 'गाळून खातो'. चहा गाळला की खाली उतरलेला आपण पितो, वरचा चोथा टाकतो. क्रिलचं नेमकं उलट. त्याच्या पुढच्या पायांना बारीक केसांची दाट झालर असते. पाय फाकले की त्यांची परडी होते, पाणी आत शिरतं. पाय मिटले की पाणी केसांमधून निसटतं आणि डायटमसारखं एकपेशी शैवाल आत अडकतं. उरलं ते पोटात. भात शिजल्यावर झाकण दाबून पेज काढतो आणि शितं ठेवतो, त्याला आपण 'वेळणं' म्हणतो. क्रिल आपला घास वेळून घेतो! इतका नेमका शब्द स्वयंपाकघरात असताना गाळणी कशाला?

'सूक्ष्मजीव' मात्र बदला. मुलांच्या डोळ्यांपुढे जिवाणू येतील. 'प्लवक' लिहा, पाण्यात तरंगत राहणारे ते प्लवक. क्रिल शैवालाबरोबर बारीक प्राणीही खातो, दोन्ही त्यात आले.

आणि क्रिलला 'जवळा' करायचा मोह टाळा. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात पुरुमेंतासाठी, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीसाठी, जो सुका गालमो घेतो, तो जवळा, कोळंबीच्या गोतातला. त्याचे कल्ले कवचाखाली झाकलेले असतात. क्रिलचे कवचाबाहेर, पायांच्या मुळाशी झुबक्यांसारखे उघडे लोंबतात.