सर्वधर्म मीटिंग घेताय? आधी गटर बघा

भावा, पहिल्याच मीटिंगला समभावावर भाषणं ठेवू नकोस, लोकं चहा पिऊन निघून जात्यात. तुंबलेलं गटर, अडकलेलं रेशन, असलं एकच काम धर, मग देवळाची कमिटी, मशिदीचे ट्रस्टी, चर्चचे पाळक, विहारातली मंडळी आपोआप बोलायला लागतील. शुक्रवार दुपार नि रविवार सकाळ सोड, जैन मंडळी असतील तर जेवण दिवस मावळायच्या आत, आणि बायकांना बोलवच, नळाला पाणी कधी येतं ते त्यांनाच पक्कं ठाऊक. जागेवरनं कुरबुर झालीच तर आपल्या कोल्हापुरात दसरा चौकातलं मुस्लिम बोर्डिंग (मुस्लिम पोरांचं जुनं वसतिगृह) सुचवून बघ, शाहू महाराजांचा वारसा म्हटल्यावर कोण नाही म्हणणार? निवेदन एकच, सह्या सगळ्यांच्या. महापालिकेत आवक शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय हलायचं नाही, उत्तर नाही आलं तर माहिती अधिकाराचा अर्ज टाक, त्यांना उत्तर द्यायला ३० दिवसांची मुदत असते. आणि हो, नगरसेवकाला फोटोपुरतं बोलवू नकोस.